व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे तिजोरी नव्हे

"व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये कुठलंही पॅकेज बिनधास्त टाका, बाकी कॉम्प्युटरला धक्का लागत नाही." पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या नवशिक्यांना हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. (पॅकेज म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड.) 'व्हर्च्युअल' या शब्दामुळे तसं वाटणं साहजिकच आहे, पण ते खरं नाही.

पायथनमध्ये ही सोय 3.3 आवृत्तीपासून, म्हणजे 2012 पासून अंगभूत आहे. त्यातून तयार होतं ते एक साधं फोल्डर: मूळ पायथनचा दुवा किंवा प्रत, पॅकेजेससाठी वेगळी जागा आणि मूळ पायथन कुठे आहे ते सांगणारी छोटी फाइल. अ‍ॅक्टिव्हेट केलं की टर्मिनलच्या 'पाथ'मध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचे त्या यादीत, या फोल्डरचा नंबर पहिला लागतो. त्यामुळे एका प्रोजेक्टला जँगो या वेबसाइट बनवायच्या पॅकेजची जुनी आवृत्ती आणि दुसऱ्याला नवी, हे भांडण मिटतं. हे काम ही सोय चोख करते.

कोड मात्र तुमच्याच परवानग्या घेऊन चालतो. तुम्हाला उघडता येते ती फाइल त्यालाही उघडता येते. आणि काही पॅकेजेसचा कोड तर इन्स्टॉल होतानाच चालतो, तुमच्या प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करायच्याही आधी! हे फार कमी जणांना सांगितलं जातं.

पडताळा सोपा आहे. एन्व्हायर्नमेंट अ‍ॅक्टिव्हेट करून पायथन सुरू करा, 'ओएस' मॉड्यूलच्या 'लिस्टडिर' या फंक्शनला (os.listdir) तुमच्या होम फोल्डरचा पत्ता द्या. आतली सगळी यादी समोर येईल.

अनोळखी पॅकेज तपासायचंच असेल तर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा वेगळा कॉम्प्युटर) वापरा, निदान तुमची फोल्डरं न जोडलेला कंटेनर (प्रोग्रॅम बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवून चालवायची सोय) तरी. शिवाय पॅकेजचं नाव अक्षर न् अक्षर पाहून टाइप करा. प्रसिद्ध नावात एखादंच अक्षर बदलून घातक पॅकेजेस पसरवली जातात.