अप्राइझ

अप्राइझ हे ‘कळवणे’, ‘अवगत करणे’ या अर्थाचे इंग्रजी भाषेतील औपचारिक सकर्मक क्रियापद आहे. बोलण्यात ते क्वचितच येते. न्यायालयीन कागदपत्रे, सरकारी अहवाल आणि कचेरीतील पत्रव्यवहार हे त्याचे खरे क्षेत्र. त्याच अर्थाचे ‘टेल’ रोजच्या वापरातले आहे आणि ‘इन्फॉर्म’ कुठेही चालते.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. फ्रेंचमधील ‘आप्रांद्र’ या क्रियापदाच्या ‘आप्री’ या भूतकालवाचक धातुसाधितापासून तो आला. ‘आप्रांद्र’चे अर्थ दोन, शिकणे आणि शिकवणे. मराठीत ‘शिकणे’पासून ‘शिकवणे’ आणि ‘कळणे’पासून ‘कळवणे’ अशी प्रयोजक रूपे वेगळी करावी लागतात, तर फ्रेंच एकाच धातूवर दोन्ही कामे भागवते. अप्राइझने त्यांपैकी दुसऱ्या, म्हणजे दुसऱ्याला माहीत करून देण्याच्या, अर्थाचा धागा उचलला. या फ्रेंच शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘अप्रेहेंदेरे’ म्हणजे ‘धरणे, पकडणे’ हे क्रियापद आहे. हातांनी धरण्यापासून मनाने धरण्यापर्यंतचा हा अर्थप्रवास संस्कृत ‘ग्रह्’ धातू जाणणाऱ्यास नवा वाटणार नाही. त्याच मुळातून आलेल्या ‘अप्रिहेंड’ या इंग्रजी शब्दाने तर ‘अटक करणे’ आणि ‘आकलन होणे’ असे दोन्ही अर्थ जपले आहेत, आणि ‘अप्रेंटिस’ म्हणजे शिकाऊ उमेदवार हाही त्याच कुळातला.

वाक्यरचनेत मराठीभाषकाची गफलत होण्याचा संभव असतो. मराठीत आपण ‘त्याला बातमी कळवतो’, म्हणजे बातमी हे कर्म आणि माणूस चतुर्थीत. अप्राइझचे कर्म मात्र माणूस असतो आणि बातमी ‘ऑफ’ या शब्दयोगी अव्ययानंतर येते: ‘शी अप्राइझ्ड द कोर्ट ऑफ द डिले’, म्हणजे तिने विलंबाची बाब न्यायालयाच्या निदर्शनास आणली. कर्मणी प्रयोगही बराच आढळतो. ‘कीप मी अप्राइझ्ड’ म्हणजे ‘मला वेळोवेळी कळवत राहा’.

याहून मोठा घोळ ‘अप्रेझ’ या शब्दाशी होतो. त्याचा अर्थ मूल्यमापन करणे असा असून तो ‘किंमत’ या अर्थाच्या लॅटिन ‘प्रेतियुम’पासून आला आहे, त्यामुळे दोहोंचे नाते केवळ कानापुरते. तरीही ‘परिस्थितीचे अप्रेझ केले’ असे लिहून ‘परिस्थिती कळवली’ असे सुचवणारी वाक्ये मुरलेल्या इंग्रजी लेखकांकडूनही निसटतात. भरीस भर म्हणजे अप्राइझ हा शब्द ‘एस’ऐवजी ‘झेड’ वापरूनही लिहिला जातो, आणि तेच ‘झेड’चे वर्णलेखन ‘किंमत ठरवणे’ या अर्थाच्या एका जुन्या क्रियापदाचेही आहे.