मधुमेहात शुगर लो होणे

मधुमेहाचे उपचार चालू असताना रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली उतरते, त्या अवस्थेला वैद्यकात हायपोग्लायसेमिया आणि बोलण्यात शुगर लो होणे म्हणतात. साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपाय सुरू करायचा असतो. ५४ च्या खाली मेंदूला इंधन अपुरे पडू लागते. रुग्णाला दुसऱ्याच्या मदतीवाचून सावरता येत नसेल, तर आकडा काहीही असो, तो प्रसंग गंभीर धरतात.

शुगर लो होण्यामागे बहुतेक वेळा औषध असते. इन्सुलिन १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले आणि त्याच वर्षी डॉक्टरांना हा धोकाही दिसला. गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटात तो जास्त असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा साखर इतकी उतरत नाही. औषध घेतले आणि जेवण लांबले, हे सर्वांत नेहमीचे कारण. लग्नात बाराला इन्सुलिन घ्यावे आणि पंगत दोनला बसावी, असे घरोघरी घडते. एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास डॉक्टरांना न विचारता, रोजच्याच डोसवर केला तरी हेच होते. वारीत किंवा गडावर दिवसभर चालल्यानंतर साखर त्याच रात्री, झोपेत उतरू शकते. दारूमुळे यकृताचे नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते, म्हणून रिकाम्या पोटी दारू विशेष वाईट. मूत्रपिंड कमकुवत झाले असेल तर औषध शरीरात रेंगाळते.

भारतात आणखी एक कारण जपून पाहावे लागते. इथे इन्सुलिनच्या कुपीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तशी १०० युनिटचीही असतात, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले तर अडीचपट डोस अंगात जातो. दुकानातून आणल्याबरोबर कुपी आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडा जुळवून पाहावा.

साखर उतरू लागली की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडते: दरदरून घाम, धडधड, कडकडून भूक, हातापायांना कंप. पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेताना हिंदकळतो. पुढे मेंदूची लक्षणे दिसतात. बोलणे अडखळते, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येते, शांत माणूस उगाच चिडतो, दिलेले सरबत ढकलून देतो. घरच्यांना हा हट्ट वाटतो. तो हट्ट नसतो, आणि त्या क्षणी वाद घालणे घातक ठरते. रात्री ओलेचिंब झालेले कपडे, वाईट स्वप्ने, सकाळचे जड डोके हीसुद्धा याचीच खूण असू शकते. रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि कंप जाणवत नाहीत, घाम मात्र येतो.

माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर लगेच १५ ग्रॅम झटपट शोषली जाणारी साखर द्यावी: पाण्यात विरघळवलेली तीन चमचे साखर किंवा साधी ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासावे. ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर साखर आधी, तपासणी नंतर. ‘डायबेटिसवाल्याला साखर कशी द्यायची’ हा संकोच इथे जिवावर बेतू शकतो. पेढा, लाडू, चॉकलेट यांतल्या तुपामुळे वा चरबीमुळे साखर उशिरा चढते. ग्लुकोज बिस्किट नावाला ग्लुकोज, बाकी बराचसा मैदाच. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना तर साधी साखर आणि गूळही वेळेवर उपयोगी पडत नाहीत, कारण ही औषधे आतड्यात साखरेचे विघटनच रोखतात. त्यांना ग्लुकोजच लागते. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे पाकिटावरची तिन्ही नावे वाचलेली बरी.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये; ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देतात. घरी ग्लुकागॉनचे (रक्तातील साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन असेल आणि ते द्यायला शिकवलेले असेल तर ते द्यावे.

साखर वर आल्यावर पुढचे जेवण लांब असेल तर पोळी-भाजी, दूध असे काही खाऊन घ्यावे, आणि कारण शोधून डॉक्टरांना सांगावे. भीतीपोटी पुढचे इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून विशेषतः वृद्धांना बरे वाटले तरी देखरेखीखाली ठेवतात. त्यांच्यासाठी साखरेचे लक्ष्यही डॉक्टर थोडे सैल ठेवतात, आणि ते योग्यच आहे. वारंवार साखर उतरत राहिली तर शरीराचा इशाराच बोथट होतो आणि माणूस लक्षणांशिवाय थेट कोसळू शकतो. डोस बदलून काही आठवडे एकदाही साखर खाली जाऊ दिली नाही, तर बऱ्याच जणांत हा इशारा पुन्हा जाणवू लागतो.