कणगी कापण्यापूर्वी

जुने कोठार रिकामे करावे, भिंतींना पांढरा रंग द्यावा आणि चित्रे टांगावीत, की झाले कलासंग्रहालय, असा एक सरसकट समज आहे. केप टाउनच्या बंदरावर 1924 साली उभ्या राहिलेल्या 57 मीटर उंच धान्यकोठाराचे असे कलासंग्रहालय करताना तो अजिबात चालला नसता, कारण आत काँक्रीटची 42 उभी नळकांडी एकमेकांना खेटून होती आणि माणसाला वावरायला मोकळी जागा जवळजवळ नव्हतीच.

ही नळकांडी म्हणजे अजस्र कणग्या, आणि कणगीचे गणित पाण्याच्या टाकीहून निराळे असते. टाकीत खोलीबरोबर दाब सरळ वाढत जातो. धान्यात मात्र प्रत्येक दाणा वरचा भार थोडा खाली आणि थोडा शेजारच्या दाण्यांवर ढकलतो. हा आडवा रेटा भिंतीपर्यंत पोहोचतो आणि भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे धान्याचे बरेचसे वजन भिंतच पेलू लागते. परिणामी व्यासाच्या काही पट खोलीनंतर वर आणखी कितीही धान्य ओतले, तरी तळावरील दाब फारसा वाढत नाही. यान्सेन या जर्मन अभियंत्याने 1895 मध्ये हे सूत्रात बसवले: दाबाची कमाल मर्यादा व्यासाच्या सम प्रमाणात, तर भिंतीच्या घर्षणांकाच्या (भिंत धान्याला किती अडवते, त्याच्या मापाच्या) व्यस्त प्रमाणात असते. आडवा रेटा गोल भिंत ताणाने सोसते, जशा लाकडी पिंपाच्या लोखंडी पट्ट्या सोसतात.

धान्य गेले तसा हा ताणही गेला. मात्र नळकांडे ताठ राहते ते त्याचे कडे अखंड असते म्हणून, आणि वास्तुविशारद थॉमस हेदरविक यांना नेमके तेच कापायचे होते. त्यांच्या चमूने कोठारातला एक दाणा संगणकावर 27 मीटर उंचीएवढा मोठा करून त्या आकाराची पोकळी मध्यभागी कोरायचे ठरवले. जुन्या भिंती जेमतेम 17 सेंटिमीटर जाड असल्याने आधी नळकांड्यांच्या आतून सळ्या घातलेल्या काँक्रीटचे नवे अस्तर ओतण्यात आले आणि त्यानंतरच करवत चालली.

झाइट्स समकालीन आफ्रिकी कलासंग्रहालय सप्टेंबर 2017 मध्ये खुले झाले. कापलेल्या कडा घासून आरशासारख्या केल्या आहेत, त्यामुळे शेजारच्या जुन्या काँक्रीटमधली खडबडीत खडी अधिकच डोळ्यांत भरते. चित्रांसाठीची सुमारे 80 दालने मात्र उरलेली बरीच नळकांडी काढून चौकोनीच बांधावी लागली.