बाशिंग आणि त्याच्या कुलाची पार्श्वभूमी

पावसाळा स्थिरावला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जुन्या झाडांच्या खोडांवर बाशिंग नावाचा नेचा (फर्न) हिरवागार होतो. पुष्कळांना तो बांडगूळ वाटतो, आणि हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. कारण हा नेचा झाडाचा केवळ आधार घेतो, त्याचा अन्नरस शोषत नाही. त्याची लांब, खोल कातरलेली हिरवी पाने बीजुके (पुनरुत्पादनाचे सूक्ष्म कण) धारण करतात, तर खोडाला बिलगलेली आखूड पाने लवकरच तपकिरी पडतात. त्यांच्या आडोशाला पालापाचोळा साचून कुजतो आणि त्यावरच मुळांचे पोषण होते. कोरड्या दिवसांत हिरवी पाने झडतात, तपकिरी मात्र टिकून राहतात.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या नेच्याला ‘पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम’, म्हणजे ओकसारख्या पानांचा, असे नाव दिले. पुढे तो ‘ड्रायनेरिया’ या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) गेला, तरी त्याचे कुल (फॅमिली, म्हणजे अशा प्रजातींचा मोठा गट) पॉलिपोडिएसी हेच राहिले. या कुलाची व्याप्ती मात्र फार बदलली. एकोणिसाव्या शतकात बहुसंख्य नेचे, अगदी हंसराजासह, याच एका कुलात घातले जात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात 1906 मध्ये वनस्पतिसंग्रहाचा पाया घालणारे स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर यांनी जे. एफ. डिआल्मेडा यांच्यासह ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ 1922 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हाही ही व्यापक कल्पना रूढ होती. त्या काळचे लेखन वाचताना ही गोष्ट ध्यानात न ठेवल्यास हमखास घोटाळा होतो. चिनी वनस्पतिशास्त्रज्ञ चिंग यांनी 1940 मध्ये या अवाढव्य समूहाची 33 कुलांत विभागणी केली. नंतर डीएनएच्या अभ्यासामुळे उलट दिशेनेही फेरबदल झाले आणि ग्रामिटिड नावाने वेगळे मानलेले लहान नेचे पुन्हा याच कुलात आले. 2016 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या कुलात सुमारे 65 प्रजाती आणि 1,600 हून अधिक जाती धरल्या आहेत, त्यांपैकी बहुतेक उष्ण प्रदेशातील आणि झाडांवर राहणाऱ्या.

झाडांवरील ही वस्ती तुलनेने अलीकडची आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार वृक्षवासी नेच्यांचे बहुतांश वैविध्य गेल्या सुमारे 6.5 कोटी वर्षांत, सपुष्प वृक्षांच्या अरण्यांत फुलले. त्या अरण्यांच्या दमट छतामुळे नेच्यांना जमिनीपासून उंचावर नवी जागा मिळाली.