नारळातील जनुकीय विविधता

नारळाच्या (कोकस न्यूसिफेरा, ताल कुल) निरनिराळ्या समष्टींमध्ये (एका प्रदेशातील माडांच्या समूहांमध्ये), तसेच एकाच समष्टीतील माडांमध्ये दिसणारे आनुवंशिक वैविध्य. कोकस वंशात आज ही एकच जाती मानली जाते. तिची द्विगुणित गुणसूत्रसंख्या ३२ आहे. वंशात दुसरी जाती नसल्याने गहू किंवा टोमॅटोच्या पैदासकाराला रानटी भाऊबंदांकडून जसे गुण उचलता येतात तशी सोय नारळात नाही. जे काही हवे ते या एकाच जातीत शोधावे लागते.

व्यवहारात माडांचे उंच व ठेंगू असे दोन प्रकार करतात. या वर्गीकरणात उंचीपेक्षा परागणाच्या रीतीला अधिक अर्थ आहे. उंच माडाची पोय (फुलोरा) उकलल्यावर नर फुले सुमारे तीन आठवडे उमलत व झडत राहतात. त्याच पोयीतील मादी फुले बहुधा त्यानंतरच परागग्राही (पराग स्वीकारण्यास तयार) होतात. साहजिकच पराग दुसऱ्या माडावरून यावा लागतो आणि रोपे आईवर जातीलच असे नाही. ठेंगू माडात हे दोन्ही काळ एकमेकांवर येतात, स्वपरागण घडते आणि नारिंगी, पिवळा वा हिरवा फळरंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मात्र फिजीतील ‘नियू लेका’ हा प्रकार बुटका असूनही परपरागित आहे, तर श्रीलंकेतील ‘किंग कोकोनट’ मध्यम उंचीचा असून प्रामुख्याने स्वपरागित आहे. अप्रभावी जनुके (दोन्ही पालकांकडून आली तरच लक्षण दाखवणारी) उंच माडांत दडून राहतात. फिलिपीन्समधील ‘माकापुनो’ हे त्याचे उदाहरण. त्याचा गर मऊ, बुळबुळीत होऊन करवंटी जवळजवळ भरून टाकतो. हे लक्षण एका अप्रभावी जनुकामुळे येते असे मानतात. असे फळ रुजत नसल्याने त्याचा भ्रूण काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो.

उगमाचा वाद : नारळाचे मूळ स्थान कोणते, यावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ओ. एफ. कुक यांनी १९०१ मध्ये अमेरिकी उगमाचा पक्ष मांडला. नारळाचे जवळचे आप्तवंश मुख्यतः दक्षिण अमेरिकेत आहेत, हा या पक्षाचा आधार. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १९१७ मध्ये आशिया-पॅसिफिक उगमाची बाजू घेतली. आप्तवंशांचा मुद्दा खोटा नाही. पण तो वंशाच्या दूरच्या पूर्वजांविषयी काही सांगतो, लागवडीखालील नारळाविषयी नाही. दख्खनच्या लाव्हाथरांमधील निक्षेपांत आणि न्यूझीलंडमध्ये नारळसदृश फळांचे जीवाश्म मिळाले आहेत. न्यूझीलंडची फळे अगदी लहान आहेत. या जीवाश्मांचे कोकस वंशाशी नाते कितपत जवळचे, यावर एकमत नाही. उगमाचा पुरावा म्हणून ते जपूनच वापरावेत.

नारळाचे अभ्यासक ह्यू हॅरीस यांनी १९७८ मध्ये चर्चेची दिशा बदलली. सामोआतील नावे घेऊन त्यांनी फळांचे दोन नमुने कल्पिले. ‘नियू काफा’चे फळ लांबट व कंगोरेदार, सोडण जाड आणि रुजणे सावकाश, असे फळ समुद्रावर दीर्घकाळ तरंगण्यास योग्य. ‘नियू वाई’ गोलसर, सोडण कमी, पाणी भरपूर, रुजणे लवकर. त्यात माणसाच्या निवडीची खूण दिसते. दोन्ही नारळ मधोमध कापून शेजारी ठेवले तर पहिल्यात काथ्याच्या गादीत बसलेली लहान करवंटी दिसते, तर दुसऱ्यात पाण्याची पोकळीच नजरेत भरते. हे दोन टोकांचे नमुने आहेत. बहुतेक लागवडीतील माड त्यांच्या मधले असतात, ही गोष्ट पुढील लेखनात पुष्कळदा विसरली गेली.

२०११ मध्ये गन, बोदूआँ व ओल्सन या संशोधकांनी १,३२२ माडांचे नमुने १० मायक्रोसॅटेलाइट चिन्हकांनी (डीएनएतील पुनरावृत्त होणाऱ्या लहान तुकड्यांनी) तपासले. त्यांत पॅसिफिक आणि हिंद-अटलांटिक असे दोन स्पष्ट गट निघाले व एकूण विविधतेचा सुमारे एक-तृतीयांश भाग या दोन गटांतील फरकाचा ठरला. यावरून लागवड दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला : आग्नेय आशियाच्या बेटांवर आणि भारताच्या दक्षिण टोकाभोवतीच्या प्रदेशात. ठेंगूपणा, स्वपरागण व नियू वाई फळ ही लक्षणे मात्र मुळात पॅसिफिक गटाचीच दिसतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा उंच माड (मराठीत ‘बाणवली’) हिंद-अटलांटिक गटात मोडतो. चिन्हकांची संख्या थोडी असली तरी हे द्विभाजन आज सर्वाधिक ग्राह्य वाटते. त्यावरून लागवडीच्या आरंभाचा काळ काढणे मात्र धाडसाचे होईल.

दोन्ही गटांची सरमिसळ मादागास्कर, कोमोरो व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दिसते. तिचा संबंध ऑस्ट्रोनेशियन (आग्नेय आशियाच्या बेटांवरून पसरलेल्या भाषाकुलातील) दर्यावर्दींशी जोडतात. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील माड फिलिपीन्सच्या माडांशी जुळतात. ते कोलंबसपूर्व काळात आले, असे काहींचे मत आहे. १५६५ पासून फिलिपीन्स व मेक्सिको यांदरम्यान चाललेल्या स्पॅनिश मनिला-अकापुल्को जहाजांचा पर्यायही सुचवला जातो. परंतु सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील स्पॅनिश वर्णने तेथील नारळांचीच असतील, तर पहिले मत बळकट होते.

अटलांटिक किनाऱ्यांवर नारळ पोर्तुगीजांमार्फत, वास्को द गामाच्या सफरीनंतर हिंदी महासागराकडून पोहोचला. तेथील समष्टी थोड्याशा बियाण्यातून वाढल्या आणि त्यांचा जनुकीय पाया अरुंद राहिला. जमैकात प्राणघातक पीतरोगाने (कारण : फायटोप्लाझ्मा हे जिवाणूंसारखे सूक्ष्मजीव) उंच माडांच्या बागा ओस पाडल्या, तेव्हा मलायन ठेंगू आणि त्याचा पनामा उंच माडाशी केलेला ‘मायपान’ संकर लावण्यात आला. १९९० च्या दशकात तोही मोठ्या प्रमाणावर मेला. बियाण्यातील भेसळ हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

केरळात नीलेश्वर येथे १९३२ मध्ये उंच व ठेंगू माडांचा संकर केला गेला. संकरजोमाचे (संकरित रोप पालकांपेक्षा सरस ठरण्याचे) नारळातील हे आरंभीचे उदाहरण होय. हाइनान बेटावरील उंच माडाच्या जनुकसंचाचा (सुमारे २·४ अब्ज आधारक-जोड्या, म्हणजे डीएनएचे घटक) पहिला आराखडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नारळाचे बी वाळवून साठवता येत नाही. वाळले की मरते. म्हणून जननद्रव्य (आनुवंशिक वैविध्याचा साठा) जिवंत बागांमध्येच राखावे लागते आणि म्हातारे माड पुन्हा लावावे लागतात. उंच प्रकारांत हे नियंत्रित परागणाने करावे लागते, नाहीतर शेजारच्या माडाचा पराग मिसळतो. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोजेंट’ या नारळाच्या जनुकीय साधनसंपत्तीसाठीच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने भारत, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, कोत दिव्वार व ब्राझील येथे आंतरराष्ट्रीय संग्रह नेमले. भारतातील संग्रह कर्नाटकात किडू येथे आहे. पापुआ न्यू गिनीतील मदांग येथील संग्रहाला बोगिया या माड मारणाऱ्या रोगाचा धोका निर्माण झाल्याने तो अन्यत्र हलवण्याचे प्रयत्न सुरू झाले. भ्रूण गोठवून ठेवण्याचे तंत्र उपलब्ध आहे, परंतु त्यापासून पुन्हा माड उभा करणे अजून खर्चिक व बेभरवशाचे आहे.