पचन नेमके कधी थांबवायचे?

डुकराच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन तयार करणारे पेशीसमूह वेगळे काढून ते टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाला द्यायचे, हा विषय निघाला की चर्चा बहुधा जनुकांत बदल केलेल्या डुकरांकडे वळते. ती डुकरे महत्त्वाची आहेतच. परंतु या उपचाराची पहिली कसोटी त्याच्याही आधी, प्रयोगशाळेतल्या टेबलावर लागते असे मला वाटते. तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा लेख.

पाउल लँगरहॅन्स या जर्मन संशोधकाने १८६९ मध्ये स्वादुपिंडात विखुरलेले जे पेशींचे पुंजके नोंदवले, त्यांना आपण लँगरहॅन्सची द्वीपके म्हणतो. माणसाच्या स्वादुपिंडात ती सुमारे दहा लाख असतात, तरी ग्रंथीच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के असतो. उरलेली जवळजवळ सगळी ग्रंथी पाचक रस बनवते. टाइप १ मधुमेहात शरीराचीच प्रतिकारशक्ती द्वीपकांमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. कॅनडातील एडमंटन येथील डॉक्टरांनी २००० साली मृत दात्यांची द्वीपके यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडून सात रुग्णांची इन्सुलिनची इंजेक्शने थांबवून दाखवली, पण त्यासाठी एका रुग्णामागे दोन किंवा अधिक दाते लागले. इतके दाते मिळणे शक्य नसल्याने लक्ष डुकराकडे गेले. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून ५१ पैकी अवघ्या एका अमिनो आम्लाने वेगळे आहे आणि मधुमेही रुग्णांनी ते कित्येक दशके टोचून घेतले आहे.

द्वीपके सोडवण्यासाठी प्रथम स्वादुपिंडाच्या नलिकेतून कोलॅजिनेज नावाचे विकर आत भरतात. थंडगार द्रावणात ठेवलेली ती मऊ, फिकट ग्रंथी विकर आत जाईल तशी फुगते आणि तिच्या पाळ्या एकमेकींपासून सुटू लागतात. मग ती कामिलो रिकोर्दी या संशोधकाने १९८० च्या दशकात तयार केलेल्या धातूच्या बंद भांड्यात, गोट्यांसारख्या थोड्या टणक गोळ्यांसह ठेवली जाते. भांड्यातले द्रावण ३७ अंश सेल्सिअसला आले की विकर पेशींना धरून ठेवणारे कोलॅजेनचे धागे तोडू लागते, हलवलेल्या भांड्यातल्या गोळ्या त्याला मदत करतात, आणि सुटलेला ऊतीचा भाग जाळीतून बाहेर पडतो.

याच टप्प्यावर पुढचे सगळे ठरते. थोड्या थोड्या वेळाने एक नमुना काढून त्यात डायथिझोन हा रंग मिसळतात. बीटा पेशींमधल्या जस्ताशी तो जोडला गेला की सूक्ष्मदर्शकाखाली फिकट कणांच्या गर्दीत लाल ठिपके दिसू लागतात. सुरुवातीला या ठिपक्यांभोवती पाचक ऊतीची झालर चिकटलेली असते. ती झालर गळली, पण ठिपक्याची कड अजून गुळगुळीत आहे, अशा वेळी भरपूर थंड द्रावण ओतून विकराचे हे काम, म्हणजेच ग्रंथीचे पचन, थांबवावे लागते. घाई केली तर द्वीपके झालरीतच अडकून राहतात, उशीर केला तर लाल ठिपक्यांचा चुरा होतो. फणसाचा गरा न फाटता सोडवणाऱ्या हाताला जो अंदाज लागतो, तो इथे डोळ्याला लागतो, आणि प्रत्येक ग्रंथीगणिक तो नव्याने बांधावा लागतो. त्यानंतर वेगवेगळ्या घनतेच्या द्रावणांच्या थरांवर हा माल फिरवला की हलकी द्वीपके वर राहतात आणि जड पाचक ऊती खाली बसते. सुपात धान्य पाखडावे तसेच हे काम आहे.

डुकराच्या बाबतीत हा अंदाज विशेष कठीण जातो. माणसाच्या द्वीपकाभोवती कोलॅजेनचे बऱ्यापैकी आवरण असते, डुकराच्या द्वीपकाभोवती ते अगदी विरळ असते. मांसासाठी वाढवलेल्या सहा महिन्यांच्या डुकराची द्वीपके तर हाताळताना सहज फुटतात. अनेक वेळा व्यालेल्या, दोन वर्षांवरील माद्यांची द्वीपके मोठी आणि घट्ट असतात. परंतु अशी जनावरे एवढा काळ जंतुमुक्त ठेवणे फार खर्चाचे असते. म्हणून एडमंटनच्याच संशोधकांनी १९९० च्या दशकात नवजात पिल्लांचा मार्ग धरला. पिल्लाची ग्रंथी कात्रीने बारीक कापायची, थोडा वेळ विकरात ठेवायची आणि सुमारे नऊ दिवस पोषक द्रावणात सांभाळायची. या काळात पाचक पेशी आपोआप मरून जातात, त्यामुळे पाखडण्याची गरज उरत नाही. मात्र हे पुंजके अपक्व असल्याने शरीरात गेल्यावर नीट काम करू लागायला त्यांना आठवडे, कधी महिने लागतात. शिवाय एका पिल्लापासून सुमारे ५० हजार पुंजके मिळतात आणि प्रौढ रुग्णाला काही लाख लागतात. म्हणजे एका माणसामागे निदान डझनभर पिल्ले. हा हिशेब या क्षेत्रातल्या प्रत्येकाने उघडपणे मांडला पाहिजे, असे माझे मत आहे.

स्टॉकहोममध्ये कार्ल-गुस्ताव ग्रोथ यांच्या पथकाने डुकराच्या गर्भातील असे पुंजके दहा मधुमेही रुग्णांना दिले होते. त्याचा वृत्तांत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार रुग्णांच्या लघवीत डुकराच्या इन्सुलिननिर्मितीची खूण २०० ते ४०० दिवस सापडत राहिली, पण कोणाचीही इन्सुलिनची गरज कमी झाली नाही. पेशी जगल्या होत्या, त्यांचे काम मात्र पुरे पडले नव्हते. पुढे माकडांमध्ये, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या आधाराने, डुकराच्या द्वीपकांनी रक्तातली साखर कित्येक महिने आटोक्यात ठेवली.

डुकराच्या पेशींवरील अल्फा-गॅल ही शर्करा माणसाच्या प्रतिपिंडांना तत्काळ ओळखू येते, आणि ती जनुकबदलाने काढता येते. डुकराच्या जनुकसंचात दडलेले विषाणूही २०१७ पर्यंत निष्क्रिय करून दाखवले गेले आहेत. परंतु द्वीपके रक्तात शिरताच काही मिनिटांत त्यांच्याभोवती गुठळी जमते आणि त्यांपैकी बरीच तिथेच मरतात. या गुठळीला चालना देणारा एक घटक द्वीपकांच्याच पेशींवर असतो. पचनात दुखावलेली द्वीपके आणि त्यांच्यासोबत राहून गेलेली पाचक ऊती ही प्रतिक्रिया आणखी भडकवतात. त्यामुळे जनुके कितीही काळजीपूर्वक बदललेली असली, तरी भांडे दोन मिनिटे उशिरा थंड केल्याची किंमत रुग्णाच्या यकृतात मोजावी लागते.

म्हणूनच द्वीपके पुढे पाठवण्यापूर्वी त्यांची परीक्षा होते. जिवंत आणि मृत पेशी रंगाने ओळखल्या जातात, जंतूंची तपासणी होते, आणि द्वीपके आधी कमी साखरेच्या व नंतर जास्त साखरेच्या द्रावणात ठेवून दोन्ही वेळा बाहेर आलेले इन्सुलिन मोजले जाते. साखर वाढल्यावर इन्सुलिन स्पष्टपणे वाढले नाही, तर सूक्ष्मदर्शकाखाली कितीही लालभडक आणि गुळगुळीत दिसणारी द्वीपके बाजूला ठेवून पुन्हा नव्या ग्रंथीपासून सुरुवात करावी लागते.