सीपी पंधराशे, पण कुणाचा?

‘पोकेमॉन गो’ या प्राणी पकडून लढवायच्या मोबाइल खेळातला स्लेकिंग हा गोरिलाएवढ्या अंगाचा, लोळत पडलेला आळशी प्राणी. ४०व्या लेव्हलला त्याचा सीपी, म्हणजे ‘कॉम्बॅट पॉवर’ हा ताकदीचा आकडा, ४४३१ पर्यंत जातो. म्यूटू हे या खेळातलं बडं प्रस्थ, पण तो त्याच लेव्हलला ४१७८ वर थांबतो. तरी रेडला, म्हणजे बड्या बॉसशी लढायला जाताना स्लेकिंगला कुणी सोबत नेत नाही. कारण कित्येक वर्षं त्याच्याकडे एकच फास्ट मूव्ह (सतत मारायचा साधा वार) होती, ती म्हणजे जांभई. जांभईने समोरच्याचं नुकसान होतं शून्य. जिममध्ये पहारेकरी म्हणून बसवायला तो ठीक, पण लढायला नाही.

सीपीच्या आकड्यावर भाळून लाखभर स्टारडस्ट (प्राण्याची लेव्हल वाढवायला लागणारं खेळातलं चलन) उधळणारे आपल्याकडे कमी नाहीत. २०१६ च्या डिसेंबरमध्ये जिओच्या साथीने हा खेळ भारतात रीतसर आला, तेव्हापासूनचे कित्येक जण आजही पकडलेला प्राणी ठेवायचा की ट्रान्सफर करायचा, म्हणजे कायमचा देऊन टाकायचा, हे त्याच एका आकड्यावर ठरवतात. तो आकडा नेमकं काय मोजतो, हे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

प्रत्येक प्राण्याचे तीन गुण असतात. खेळात त्यांना अटॅक, डिफेन्स आणि स्टॅमिना म्हणतात, आपण मारा, बचाव आणि दम म्हणू. प्रत्येक गुणात जातीचा ठरलेला आकडा असतो आणि त्यात त्या एका प्राण्याचे ० ते १५ पॉइंट मिळवलेले असतात. हेच आयव्ही. १६ शक्यता तीनदा, म्हणजे एकूण ४०९६ जोड्या. त्यातली १५-१५-१५ ही एकच जोडी ‘हंडो’, आणि तिच्यासाठी लोक जीव टाकतात. या बेरजांना लेव्हलप्रमाणे वाढणाऱ्या एका गुणकाने गुणलं की लढाईतले खरे आकडे मिळतात.

सीपी काढताना मारा पूर्ण धरतात, बचाव आणि दम मात्र वर्गमुळात. म्हणजे मारा दुप्पट केला की सीपी दुप्पट होतो, पण दम दुप्पट केला तर सीपी जेमतेम ४१ टक्क्यांनी वाढतो. लढाईत हिशोब असा नसतो. तुमचा प्राणी पडेपर्यंत एकूण किती नुकसान करेल हे मारा किती आणि टिकतो किती यावर ठरतं, आणि टिकणं म्हणजे बचाव गुणिले दम. इथे वर्गमूळ कुठेच नाही. खरी किंमत तिन्हींच्या सरळ गुणाकारात असते आणि सीपी माऱ्याला फाजील भाव देतो.

सीपीवर मर्यादा नसेल तर याने फार बिघडत नाही. पण ग्रेट लीगमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढतींच्या एका गटात, १५०० ची मर्यादा असते. हा कुस्तीतल्या वजनी गटासारखा प्रकार आहे: काट्यावर सगळे सारखेच भरतात, प्रश्न ते वजन अंगात कुठे आहे याचा. सीपीचा वर्ग केला की वर्गमूळ जातं आणि उरतं मारा × मारा × बचाव × दम. त्याला एकदा माऱ्याने भागा, आपला खरा गुणाकार हाती येतो. म्हणजे सीपी बांधलेला असेल तर हा गुणाकार माऱ्याच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. मारा जितका कमी, प्राणी तितका ‘जास्त’. शाळेतलं बीजगणित इतकं सरळ कामाला आलेलं क्वचितच पाहायला मिळतं!

अलकझाम आणि अझुमारिल हे दोन प्राणी शेजारी ठेवून पाहा. दोघेही हंडो, दोघांचा सीपी साधारण १५००. अलकझामचा मारा १५८ च्या आसपास, पण दम फक्त ८९. अझुमारिलचा मारा ९७ आणि दम १८४. गुणाकार केला तर अझुमारिल दीडपटीहून पुढे. आता ०-१५-१५ आयव्हीचा अझुमारिल घ्या, माऱ्यात सपशेल नापास. मारा कमी म्हणून सीपी हळू चढतो, म्हणून मर्यादा गाठेपर्यंत त्याला आणखी नऊ-एक लेव्हल मिळतात. मारा ९२ वर येतो, पण बचाव १२८ चा १३७ होतो आणि दम १९६. एकूण फायदा सहा टक्क्यांच्या वर, आणि तोही आपण बिनदिक्कत ट्रान्सफर करून टाकतो त्या प्राण्याकडून.

मेडिचॅम या प्राण्याची गंमत आणखी वेगळी. २०२० पर्यंत लेव्हल ४० च्या पुढे नेता येत नसे आणि तिथे हंडो मेडिचॅमसुद्धा १४३१ ला अडकायचा. मर्यादेला तो शिवतच नव्हता, त्यामुळे हंडोच उत्तम. त्या वर्षाच्या अखेरीस छत ५० वर गेलं आणि ५-१५-१५ वाला मेडिचॅम बरोबर १४९९ वर जाऊन बसला. प्राणी तोच, त्याच्या अंगात काहीही बदललं नाही, पण अव्वल नंबर दुसऱ्याच आयव्हीकडे गेला.

पण म्हणून मारा टाकाऊ ठरत नाही. पंचतारांकित रेडला घड्याळ ३०० सेकंदांचं असतं. तिथे नुसतं टिकून चालत नाही, वेळेत बॉस पाडावा लागतो, म्हणून माऱ्यात १५ हवेतच. लीगमध्येही दोघांनी एकाच क्षणी चार्ज्ड मूव्ह (ऊर्जा साठवून मारायचा मोठा वार) सोडली तर ज्याचा मारा जास्त त्याची आधी लागते. शिवाय नुकसानाचा हिशोब करताना खेळ अपूर्णांक छाटतो आणि मग एक मिळवतो. हिशोब ३.९८ आला तर नुकसान ४, ४.०१ आला तर ५. माऱ्यातला एखादा टक्का असा अचानक प्रत्येक फटक्याला पाव हिस्सा वाढवून देतो, नाहीतर काहीच देत नाही.

या सगळ्यावर मात करतो तो टाइप, म्हणजे प्राणी पाण्याचा, विजेचा, गवताचा की आणखी कशाचा ते. विजेचा फटका पाण्याच्या प्राण्याला १.६ पट लागतो, पाणी आणि उडणं दोन्ही असलेल्या गॅराडॉसला २.५६ पट. जमिनीच्या प्राण्याला तोच फटका ०.३९ पट. आयव्हीचे सहा टक्के इथे कुठल्या कुठे वाहून जातात. गवत पाण्याला भारी, पाणी आगीला, आग गवताला. सरळ रांग लावताच येत नाही.

कॅलिफोर्नियात सरड्याची अशीच एक जात आहे. तिच्या नरांचे गळे नारिंगी, निळे किंवा पिवळे असतात. नारिंगी दांडगाईने निळ्याचा मुलूख बळकावतो, निळा आपल्या मादीवर पहारा ठेवून पिवळ्याला हाकलतो, आणि मादीसारखा दिसणारा पिवळा नारिंगीच्या भल्यामोठ्या मुलखात गुपचूप शिरतो. सिनर्व्हो आणि लाइव्हली या संशोधकांनी १९९६ मध्ये हे चक्र मांडलं. एका रंगाची संख्या वाढली की त्याला हरवणाऱ्या रंगाचे दिवस येतात. लीगमध्येही हेच चालतं. सगळेच अझुमारिल घेऊन येऊ लागले की गवताच्या, विजेच्या आणि विषाच्या प्राण्यांचा भाव वधारतो, आणि ते फार झाले की त्यांना मारणाऱ्यांचा. त्यात कंपनी अधूनमधून मूव्हची ताकद आणि ऊर्जा बदलत असते, म्हणून मागच्या सीझनची क्रमवारी पाहून स्टारडस्ट खर्च करण्यात अर्थ नाही.